वरवंट्याचं बारसं

धारगळ,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवी,

त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं, विहिरीवरून दोन बाल्द्या पाणी आणून ठेवलं होतं, पोदेराकडून घेतलेले उंडे पाव फडक्यात गुंडाळले होते, आणि मी सुरंगीखाली जुनं लुगडं पसरून शिडीवर चढले होते. सुरंगीचं तुला ठाऊकच आहे. ऊन चढायच्या आत कळी काढली तर ती वळेसरात, गजऱ्यात ओवता येते, नाहीतर झाडावरच उमलते आणि मधमाश्यांची होते. तेवढ्यात अनंत पोस्टमन फाटकाशी येऊन म्हणाला, "विमलाबाय, पुण्याचं पत्र आहे. उतरता, की वर आणून देऊ?" मी म्हटलं, शिडीला दोघांचं वजन पेलायचं नाही, मीच येते. अर्ध्या कळ्या झाडावरच राहिल्या. हायवेवर फुलं विकणाऱ्या पूजाला त्या दिवशी वळेसर कमी पडले, त्याला जबाबदार तू.

पत्र तीनदा वाचलं. हेच तू फोनवर सांगितलं असतंस तर मी नुसतं हो हो म्हटलं असतं. कागदावर मागे जाऊन पुन्हा वाचता येतं, म्हणून यापुढेही पत्रच लिही.

मला जे कळलं ते लिहिते, चुकलं तर सांग. तू साखळीला कॉलेजात होतीस तेव्हा दुर्बिणीने घेतलेले फोटो तुम्हा मुलांना तपासायला दिले होते. त्यात तुला एक ठिपका सरकताना दिसला. तो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह निघाला, आधी कुणी नोंदवला नव्हता. इतकी वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवलं, त्याचा रस्ता पक्का ठरला, आता त्याला कायमचा नंबर मिळाला आणि नाव सुचवायचा मान तुझा. तू म्हणतेस, नाव आत्याने ठेवायचं असतं, म्हणून ते मी ठेवायचं.

इथे तुझी गफलत होते आहे. तुझ्या मुलाची आत्या म्हणजे तुझ्या नवऱ्याची बहीण. नवऱ्याचाच अजून पत्ता नाही तर आत्या कुठून येणार? तरी तू विचारलंस म्हणून मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण नाव ठेवायच्या आधी मूल कसं आहे ते बघतात. केवढा आहे तो? रंग कसला? कुठून कुठे फिरतो? हातात घेतला तर कसा लागेल? सगळं नीट लिही.

तुझी आत्या

पुणे,
२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या, सा. न.

गफलत माझी नाही. माझ्या बारशाला तू तापाने पडली होतीस आणि माझं नाव शेजारच्या काकूंनी ठेवलं. म्हणजे माझ्याकडे तुझं एक नाव ठेवणं बाकी आहे. ते मी आता वळतं करून देते आहे.

आता मूल कसं आहे ते सांगते. आडवा साधारण तीन किलोमीटर. म्हणजे तू घरातून हायवेवर जाऊन परत येतेस, जवळजवळ तेवढा. पण हा अंदाज. मोठ्या दुर्बिणीतूनही तो ठिपकाच दिसतो, त्यामुळे रुंदी त्याच्या उजेडावरून काढावी लागते. काळा असेल तर मोठा असणार, उजळ असेल तर लहान. आपला काळा आहे. त्याच्यावर शंभर भाग ऊन पडलं तर पाच-सहा भागच तो परत फेकतो. चुलीवरच्या भांड्याचं बूड आठव, तो रंग.

सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला सव्वाचार वर्षं लागतात. रस्ता अगदी गोल नाही, थोडा लांबट आहे आणि आपल्या रस्त्याच्या पातळीला जरासा कलता आहे. आपण आतल्या वाटेने जोरात धावतो, म्हणून दर पंधरा-सोळा महिन्यांनी त्याला गाठतो. तेव्हा तो सगळ्यात ठळक दिसतो. आत्ता तेच दिवस येताहेत. त्यातही तो इतका लांब असतो की त्याचा उजेड इथे पोचायला तेरा मिनिटं लागतात. स्वतःभोवती मात्र तो सहा तासांत फिरतो, म्हणजे आपल्या एका दिवसात त्याच्या चार सकाळी होतात.

हाताला कसा लागेल ते कुणालाच माहीत नाही. पण तो बहुधा एकसंध दगड नाही. कधीतरी टक्कर होऊन फुटलेले धोंडे पुन्हा जवळ आले आणि एकमेकांच्या ओढीने टेकून राहिले, असं असावं. मध्ये पोकळ्या आहेत. फार जोरात फिरला तर सुटून जाईल.

नावाचे नियम थोडे आहेत. शक्यतो एक शब्द, इंग्रजीत लिहिलं तर सोळा अक्षरांच्या आत. पुढाऱ्याचं नको, दुकानाचं नको, कुत्र्यामांजराचंही नको म्हणतात. आधीच्या नावासारखं नको. सोबत दोन ओळी लिहायच्या, मग जगभरच्या शास्त्रज्ञांची एक समिती ते बघते.

तू काकांचं नाव देशील असं मला वाटतं. 'श्रीनाथ' अजून कुणाला दिलेलं नाही, मी बघून ठेवलंय. दोन ओळीही लिहिल्यात, की ते वीजखात्यात लाइनमन होते.

एप्रिलमध्ये मी रजेवर साखळीला येते आहे. घरी खरंच बारसं करूया, पाळणा बांधून. तू यायचं.

तुझी गौरवी

धारगळ,
५ मार्च

चि. गौरवी,

मांजराचं नाव चालत नाही म्हणतेस, मग आमच्या मनीचा विचार सोडला. तिला काही वाटलं नाही.

तुझा लघुग्रह मला कळला. तो गडगा आहे. आपल्या कुळागराच्या, पोफळीच्या बागेच्या कडेचा गडगा आठवतो ना? चिरे आणि धोंडे, मध्ये ना माती ना चुना, एकावर एक टेकलेले. मधून सरडा इकडून तिकडे जातो. नवीन माणसाला वाटतं, हात लावला की पडेल. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तसाच उभा आहे, आणि बदली होऊन आलेल्या इंजिनिअरने बांधलेली सिमेंटची भिंत तीन पावसांत आडवी झाली. पेडण्याच्या वाचनालयातून मी ग्रहताऱ्यांचं एक पुस्तक आणलं आहे. त्यात तुझ्या पट्ट्याचं चित्र असं काढलंय की दगडांची नुसती गर्दी. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की खरं म्हणजे दोन दगडांमध्ये लाखो किलोमीटर अंतर असतं. मग चित्र तसं का काढलं?

मी एक हिशेब केला. तू जन्मलीस तेव्हापासून त्याच्या साडेसहा फेऱ्या झाल्या. तुझे काका गेले त्यालाही जवळपास तेवढ्याच. अठ्ठावीस वर्षं म्हटलं की मला ती फार वाटतात. साडेसहा फेऱ्या म्हटल्यावर तेवढी वाटली नाहीत.

पण नवऱ्याचं नाव मी देणार नाही. तू मनापासून लिहिलंस, रागावू नकोस. ते नाव माझ्याकडे आहे, तिथेच राहू दे. सकाळी चहा उकळताना, शिडी लावताना मी ते घेते. चारचौघांत कधी घेतलं नाही, आता एवढ्या मोठ्या समितीपुढे कुठे घेऊ? लाइनमनच्या दोन ओळी तुझ्यापाशी ठेव, छान आहेत.

दुसरं नाव माझ्याकडे आहे. ते तुला एप्रिलमध्ये कागदावर लिहून पाठवते. साखळीला यायचं जमणार नाही. काजूचे दिवस आहेत, बोंडू गोळा करायला माणूस मिळत नाही.

तुझी आत्या

पुणे,
१७ मार्च

आत्या,

तुझी काजूची झाडं पाच आहेत. मी मोजलेली आहेत.

मी आईला फोन करून म्हटलं, आत्याला बोंडूंमुळे जमत नाही. आई म्हणाली, "तिला तेव्हाही ताप नव्हता गो." मग तिने सगळं सांगितलं. काका गेल्याला सहा महिने झाले होते, आणि आजीने ठरवलं की शुभकार्याला तू पाळण्यापाशी नको. पाहुण्यांना ताप सांगितला.

रुद्रेशदादाच्या लग्नात तू दिवसभर मागच्या चुलीपाशी होतीस. मला वाटायचं तुला स्वयंपाक आवडतो. मी तर सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आमची आत्या अशी आहे, तिला मिरवायला नको.

मी बाबांशी बोलणार आहे. ते तेव्हा घरात होते, त्यांनी तोंड का उघडलं नाही?

गौरवी

धारगळ,
२६ मार्च

चि. गौरवी,

आधी एक गोष्ट. मला स्वयंपाक मुळीच आवडत नाही. घरी मी एकदा वाटण करून दोन दिवस पुरवते.

आता तुझा राग. आजीने ठरवलं हे खरं, पण त्या वेळी घरोघरी तेच होतं, आणि तिला वाटलं ती तुझं भलं करते आहे. ती आता नाही. तुझ्या बाबाने तोंड उघडलं नाही, कारण त्याने आईसमोर कधीच उघडलं नव्हतं, स्वतःच्या लग्नातसुद्धा. त्याच्याशी भांडू नकोस. भांडून तुला बरं वाटेल आणि तो महिनाभर जेवणार नाही.

त्या दिवसाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. मी झबलं शिवून ठेवलं होतं आणि नाव ठरवलं होतं. आदल्या दिवशी साखळीच्या घरचा गडी विठू निरोप घेऊन आला. बारशाच्या सकाळी मी पाणी काढलं, सुरंगी काढली, भात ठेवला. विहिरीवर बाल्दी सोडताना तुझं ठरवलेलं नाव एकदा मोठ्याने म्हटलं. मग बाल्दी ओढून घेतली, कारण पाणी हवंच होतं. झबलं मी विठूच्या हाती पाठवलं. ते घातलेला तुझा फोटो तुमच्या हॉलमध्ये आहे, जनेलाच्या बाजूला, उजेडात.

तेव्हापासून कुणी मला अडवलेलं नाही. मीच मागे थांबते. पुढे गेले आणि एखादीच्या कपाळाला आठी पडली तर ती मला दिसेल, त्यापेक्षा खोबरं किसलेलं बरं.

यायची इच्छा नाही असं नाही. फार आहे. तू लिहिल्यापासून नाव माझ्या तोंडात आहे. पण बोलावणं घरच्या कर्त्याने करायचं असतं. मला 'येऊ नको' हे त्या घराने कळवलं होतं. 'ये' हे भाचीच्या पत्रावर कसं धरू? पुन्हा न बोलावता आले असं व्हायला नको. हे तुला नियमाचं खूळ वाटेल. तुझ्या समितीला सोळा अक्षरांचं आहे, मला हे आहे.

लघुग्रह बरा आहे ना?

तुझी आत्या

साखळी,
६ एप्रिल

चि. विमल,

पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लावून घे.

गौरवीच्या त्या ग्रहाचं बारसं शनिवारी १९ तारखेला सकाळी घरी ठरवलं आहे. मी कर्ता म्हणून तुला आत्या म्हणून बोलावतो आहे. नाव तू ठेवायचं. नारळ शेजारच्या संदीपबरोबर पाठवला आहे, तो तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

पाळणा माळ्यावरून काढला. एक कडी गंजली होती, नवी घातली. शालिनी म्हणते, मूल नाही तर पाळण्यात वरवंटा तरी हवा. आमच्याकडे मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा कुठे गेला ते कुणाला सांगता येत नाही. तुझ्याकडे आईने लग्नात दिलेला आहे. तो घेऊन ये.

मी स्वतः यायला हवं होतं. गुडघे दुखतात असं लिहिणार होतो. दुखतात, पण तेवढे नाहीत. दारात उभं राहून काय बोलायचं ते सुचलं नाही.

तुझा दादा,
गोकुळदास

पुणे,
१२ एप्रिल

आत्या,

मी बाबांना एक शब्द बोलले नाही, शपथ. तुझं पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. आईला दाखवू नकोस असं तू लिहिलं नव्हतंस.

पण आता एक घोटाळा झालाय. मोठ्या दुर्बिणीची वेळ आम्हाला मिळाली आणि ती नेमकी १७ ते २० आहे. आपल्याच लघुग्रहासाठी. फिरताना त्याचा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून तो गोल आहे की लांबट ते कळेल. ही वेळ सोडली तर पुढची संधी सव्वा वर्षाने. मला येता येत नाही.

बारसं गणेशचतुर्थीला ठेवूया का? मी असेन, रुद्रेशदादा असेल. त्या घरात तू एकटी सगळ्यांच्या समोर बसायचंस, हे मला बरं वाटत नाही. तू म्हणशील तर मी बाबांना फोन करते.

गौरवी

धारगळ,
२३ एप्रिल

चि. गौरवी,

तुझं पत्र बारशाच्या दोनच दिवस आधी मिळालं. चतुर्थीपर्यंत थांबायचं कशाला? बोलावणं तारखेचं होतं, आणि तू त्याच्यावर नजर ठेवून होतीस, म्हणजे मुलाजवळ कुणीतरी होतंच.

वरवंटा धुऊन पुसून पंच्यात गुंडाळला, पिशवीत घातला. वर सुरंगीचे शेवटचे दोन वळेसर. गाडी पाठवतो असा दादाचा फोन आला होता, मी नको म्हटलं. म्हापशाला बस बदलली, तिथला कंडक्टर पिशवी उचलायला गेला आणि म्हणाला, "मावशे, पिशवेंत फातर घातल्यात काय?" मी म्हटलं, "हय. बारश्याक व्हरतां." बारशाला दगड नेणाऱ्या बाईशी त्याने पुढे साखळीपर्यंत बोलायचं टाळलं.

दादा फाटकाशी उभा होता. मला 'ये' म्हणाला आणि पिशवी घेतली. मग एवढी जड आणलीस कशी म्हणून मलाच ओरडला. मी नेहमीच्या सवयीने मागच्या दाराकडे वळले होते. तो म्हणाला, "पाळणा पुढे आहे." एवढंच. मी पुढून गेले.

आत वाड्यावरच्या दहा-बारा बायका होत्या. कुणाच्या कपाळाला आठी होती की नव्हती, मला सांगता यायचं नाही. मी बघितलंच नाही, कारण आत जाताच सगळ्या एकदम मला विचारायला लागल्या की हा ग्रह नक्की कोण, आणि तो आपल्यावर पडणार का. मी सांगितलं, पडणार नाही, त्याचा रस्ता पक्का आहे, आपल्या गौरवीने बघितलाय. मग तो काळा कसा, गडग्यासारखा कसा, सव्वाचार वर्षांची फेरी कशी, ते सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, म्हणजे त्याचा वाढदिवस सव्वाचार वर्षांनी, घरच्यांना बरं.

शालिनीवहिनीने वरवंट्याला तेल लावलं आणि टोपडं घातलं. टोपडं तुझं होतं. वळेसर मी गुंडाळले. मग सगळ्यांनी तो पाळण्याच्या खालून-वरून एकीकडून दुसरीकडे दिला. दोघींच्या हातून निसटता निसटता राहिला. पाळण्यात निजवल्यावर वाद सुरू झाला, की वरवंट्याला कान कुठे? नेहमी बाळाबरोबर नुसता फिरवायचा असतो, त्याला नाव कुणी सांगितलेलं नाही. एक म्हणाली निमुळत्या बाजूला, दुसरी म्हणाली मधोमध. शेवटी वहिनी म्हणाली, जिथे झिजलाय तिथे सांगा, तिथेच त्याने इतकी वर्षं सगळं ऐकलंय.

मी वाकले, झिजलेल्या बाजूला तोंड लावलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

पहिला बुक्का वहिनीचा. जोरात घातला. मग सगळ्याच तुटून पडल्या, म्हातारीसुद्धा. बारशाला आत्याच्या पाठीत बुक्के घालतात हे मी लहानपणापासून बघत आले, पण स्वतः कधी खाल्ले नव्हते. चांगले लागतात. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कशाचं हे कुणी विचारलं नाही, कारण बुक्के खाल्ल्यावर कुणाच्याही येतं.

दादा दारात होता. म्हणाला, "मला ऐकू आलं नाही, परत सांग." म्हणून मी उभी राहून मोठ्याने सांगितलं. सुरंगी.

हेच मी तुझ्यासाठी ठरवलं होतं. तू सुरंगीच्या दिवसांत जन्मलीस म्हणून. गौरवी ठेवलं ते एका परीने बरं झालं, शाळेत मुलींनी तुला चिडवल्याशिवाय सोडलं नसतं. समितीसाठी दोन ओळी अशा लिही: सुरंगी हे गोव्यात आणि कोकणात वाढणारं झाड. त्याची फुलं जवळजवळ देठाशिवाय फांदीला चिकटून येतात आणि वाळल्यावरही वास सोडत नाहीत. कुणाला आधी हे नाव दिलंय का ते बघ. दिलं असेल तर कळव, पण मी बदलणार नाही, समितीलाच समजावून सांगू.

लांबट आहे की गोल, ते कळलं का? मी सगळ्यांना लांबट म्हणून सांगितलंय. वरवंटा समोर असल्यावर दुसरं काय सांगणार?

चणे सगळ्यांना वाटून झाले, जेवणं झाली. मी जेवायला पुढच्या पंगतीत बसले, खोबरं दुसऱ्या कुणी किसलं होतं, जाडसर होतं. निघताना दादा म्हणाला, "वरवंटा इथेच ठेव. पुन्हा लागेल, दर वेळी कुठे वाहत आणणार?" मी म्हटलं, लागेल तेव्हा बोलाव, घेऊन येईन. मला तो घरी हवा. त्याने पिशवी बसस्टँडपर्यंत उचलून आणली आणि बस सुटेपर्यंत उभा राहिला. गुडघ्यांचं काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वरवंटा धुतला आणि त्याच्यावर दुपारच्या बांगड्याच्या हुमणाचं वाटण वाटलं.

तुझी आत्या